पावशाचा लिंब

आई, आज सकाळी आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीच्या लिंबावर शिकरा येऊन बसला. पारव्याएवढाच, पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि डोळे लालभडक. घार बसते तसा शेंड्यावर, सगळ्या जगाला दिसेल असा नव्हे. हा पानांच्या आत, खोडाला चिकटून बसला होता, आणि खाली नळावर भांडणाऱ्या बायकांपैकी एकीलाही त्याचा पत्ता नव्हता. मला मात्र लागला. चिमण्या एकदम गप्प झाल्या, आणि चिमण्या गप्प झाल्या की वर बघायचं हे तू मला शिकवलं होतंस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात, पण ती सवय काही गेली नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून बसले आहे, तेव्हा हसू नकोस.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. आप्पा तेव्हा सीना नदीच्या काठच्या सरकारी बाभूळबनाचे राखणदार होते. खाकी डगला, पितळी बिल्ला, आणि त्या बिल्ल्याचा केवढा तोरा. बनाच्या कडेला आपलं दोन खणांचं घर, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला ओढा आणि ओढ्यापलीकडे तो थोरला लिंब. माढ्याचा बाजार गाडीने अर्ध्या दिवसावर. मी गाडीतून उतरले तेव्हा तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस, आधी पायांकडे पाहिलंस, सूज आहे का म्हणून. आक्का दोन वर्षांपूर्वी सासरीच बाळंत होताना गेली होती. तिला वेळेवर माहेरी धाडलं नाही, आणि आपली गाडी जाऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल तू तोवर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस. फक्त मला सातव्या महिन्यातच ओढून आणलंस. बाळंतिणीला अंडी हवीत, रस्सा हवा म्हणून मी यायच्या आधीच तू खुडूक कोंबडी बसवली होतीस. तिची पिल्लं बाहेर पडली तेव्हा तू त्यांच्याकडे अशी बघत राहायचीस की मला माझ्याच पोटाकडे कुणी बघतंय असं वाटायचं.

शिकऱ्याचं घरटं त्या लिंबाच्या वरच्या बेचक्यात होतं. तू पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी शहाणपणाने म्हणाले, "कावळ्याचं दिसतंय." तू म्हणालीस, "कावळ्याचं आसतं तर एवढं गुमान आसतं व्हय? बस हितं, आनि बग." मला ओसरीवर पाट टाकून दिलास, निवडायला तूर दिलीस, आणि त्या दिवसापासून आपल्या दोघींचा तो उद्योगच झाला. मी चौथी शिकलेली. शिकारी पाखरू म्हणजे उंच आभाळात घिरट्या घालणार आणि तिथून दगडासारखं खाली येणार, अशी माझी पक्की समजूत. "ती घार," तू म्हणालीस. "ह्यो आभाळाचा न्हाय बया, ह्यो पाल्याचा." खरंच, उंच गेलेला मी त्याला क्वचितच पाहिला. पंख भराभर मारायचे, मग ते न हलवता सरकत जायचं, पुन्हा भराभर मारायचे. तेही जमिनीलगत, बाभळींच्या बुंध्यांमधून, काट्याला एक पीस लागू न देता. बसायची फांदी आली की खालून वर उसळी. ज्या गचपणात शिरायला आपली शेळीसुद्धा अंग चोरायची, त्यातून हा एवढ्या वेगाने कसा निघतो याचं मला रोज नवल वाटे. आणि एकदा बसला की बसला. तुझी अर्धी भाकरी-भाजी होऊन जायची तरी तो हलायचा नाही, मान तेवढी फिरायची. पाचोळ्यातून सरडा निघाला, उंदीर बिळाबाहेर आला, टोळ उडाला, एखादी खार दाण्याला भुलली, की नुसता अंगावर कोसळायचा. नेम चुकला तर फार मागे लागायचा नाही. परत येऊन तिथंच बसायचा, काही झालंच नाही असा. "राग न्हाय त्येला," तू म्हणायचीस, आणि त्याची ही गोष्ट तुला सगळ्यात आवडायची.

मादी नरापेक्षा थोराड, पाठीला जरा मातकट, डोळे पिवळसर. अंड्यांवर ती बसली आणि बाहेरचा सगळा भार त्याने घेतला. शिकार घेऊन तो थेट घरट्यावर येत नसे. ओढ्याकाठच्या करंजाची एक वाळकी फांदी त्याने ठरवून टाकली होती; तिथं बसून सरड्याचं डोकं तोडायचं, पाखराची पिसं उपसायची, आणि मग "टिटुई, टिटुई" अशी बारीक हाक. ती उठून यायची, त्याच्याकडून घास घ्यायची, खायची आणि लगेच परत अंड्यांवर. तो कोतवाल आठवतो? काळा, दुभंगल्या शेपटीचा. ती हाक तो हुबेहूब उचलायचा आणि बिचारी उगाच उठून यायची. तू हातातला झाडू त्याच्यावर उगारायचीस. एकदा मी म्हटलं, "हिचं बरंय, बसल्या जागी मिळतंय." तू भाकरी थापत होतीस. "तिला म्हायेर न्हाय पोरी," तू म्हणालीस. "तिला त्योच आई, त्योच बाप." तुझा जावई तेव्हा गिरणीत लागलेला, त्या सगळ्या दिवसांत एकदाच आला, तोही रिकाम्या हाताने, आणि आल्या आल्या जेवायला काय आहे ते विचारलं. तो गेल्यावर तू लिंबाकडे बघून म्हणालीस, "ह्यो निदान सरडा तरी आनतो." मी पोट धरधरून हसले, आणि तू घाबरलीस, कळा सुरू झाल्या की काय म्हणून.

वैशाखात लिंबावर पिल्लं फुटली आणि नराच्या मागे खाण्याचा लकडा लागला. एका सकाळी मी ओसरीवर बसलेली असताना तो कुंपणाला घासून आला, अंगणात एक गिरकी घेतली आणि कोंबडीच्या पायातलं पिल्लू उचलून गेला. कोंबडी ओरडली ती नंतर. मी बोंब मारली, दगड फेकला. तो दगड ओढ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. तू चुलीपुढून आलीस, बाकीची पिल्लं डालग्याखाली झाकलीस आणि म्हणालीस, "चुकलं माजं. ऊन बुंद्याला लागलं की त्यो निगतो, ठावं हाय मला. तरी मी आत बसले." मला तुझा रागच आला. चोर उजळ माथ्याने निघून गेला आणि ही स्वतःच्या तोंडात मारून घेते. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ त्याच्या वेळेला तू पिल्लं डालायचीस, त्याची फेरी झाली की सोडायचीस. तुम्हा दोघांची ती कुस्तीच चालली होती, आणि तुला तिच्यात गोडी वाटायला लागली होती हे मला दिसत होतं. पण आणखी एकदा तू हरलीस, आणि त्या दिवशी नेमके आप्पा घरात होते.

आप्पा फार बोलत नसत, पण बोलले की ते झालंच म्हणून समजायचं. उन्हाळ्यात रानात गवताची काडी उरत नाही, तेव्हा धनगरांना शेळ्या-मेंढ्यांसाठी बनातल्या झाडांचा पाला पाडायची मुभा असे. लांब काठीला कोयता बांधलेली आकडी घेऊन ते यायचे; कुठलं झाड, किती उंचीपर्यंत, ते आप्पा नेमून द्यायचे, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी एक डहाळी तोडत नसे. त्या संध्याकाळी आप्पा म्हणाले, "उद्या धनगर येत्यात. त्या लिंबाचा शेंडा पैला उतरवतो. लेकीच्या तोंडचा घास पाखराच्या नरड्यात घालायला मी हितं बसलो न्हाय." तू वाढत होतीस. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्यासाठी आप्पा एवढे तापले याचं. मग तुझ्याकडे लक्ष गेलं. आमटीची पळी तुझ्या हातात वरच्या वर थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे लिंबाखाली आहेत. म्हातारा धनगर, कमरेला कुऱ्हाड खोचलेला त्याचा थोरला लेक, बरोबरचे दोघं, माना वर करून पाल्याची वाट बघणाऱ्या शेळ्या, आणि बिल्ला लावून उभे आप्पा. तू आणि मी ओढ्याच्या अलीकडे. तू माझं मनगट धरलं आहेस, मला आधार द्यायला असं दाखवून. लेक निम्म्या झाडावर जातो आणि मादी घरट्यातून सुटते ती थेट त्याच्या पटक्यावर. पटका सुटून खाली येतो, शेळ्या बिचकतात. ती वळून पुन्हा येते. आता नरही कुठूनसा आलेला, दोघं मिळून त्या एवढ्या दांडग्या माणसाला सोलून काढताहेत. केवढीशी ती पाखरं, आई. आणि त्याच वेळी आत बनात कुठेतरी पावशा बोलतो, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, चढत चढत. म्हातारा डोळ्यांवर हात धरून वर बघतो. राखाडी पाठ, छातीवर आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे. पावशाचं रूप असंच, उडणंही असंच. बनातल्या चिमण्यासुद्धा पावशाला शिकरा समजून पळत सुटतात, मग माणसाचं काय.

"थांब रं," म्हातारा लेकाला म्हणाला. "खाली ये. पावशा हाय त्यो."

"कसला पावशा," आप्पा म्हणाले. "शिकरा हाय. कोंबडीची पिल्लं न्हेतोय."

"अण्णा, पावशा वळखत न्हाय व्हय मी? आमचं सारं जित्राब पावसावर, आनि पाऊस बोलावनाऱ्याचं घर मोडायचं? आमी न्हाय हात लावायचो. तुमचा हुकूम आसंल तर तुमी तुमच्या हातानं पाडा." मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, तो ओढ्याकडे वळला. "वयनी रोज बगत्यात की. त्यांनाच इचारा."

सगळे तुझ्याकडे बघू लागले. तुला पक्कं ठाऊक होतं. पावशा घर बांधतच नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून तो मोकळा होतो, आणि ते वेडे सातभाई त्याच्या पोराला भरवत असतात, हे तूच मला आपल्या कुंपणावर दाखवलं होतंस. शिकरा म्हणालीस तर घरटं जाणार होतं, आतल्या पिसं न फुटलेल्या पिल्लांसकट. पावशा म्हणालीस तर ज्याच्या शब्दावर ते बन चालत होतं, तो माणूस त्याच्याच धनगरांपुढे खोटा पडणार होता. चारचौघांत आप्पांच्या शब्दाला शब्द तू लग्न झाल्यापासून दिला नव्हतास. माझं मनगट सोडून तू डोईवरचा पदर नीट केलास.

"पावशाच हाय," तू म्हणालीस. "पिल्लं मुंगसानं न्हेली."

आप्पांनी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बन डोक्यावर घेणार. धनगराचा लेक खाली उतरून पटक्याची धूळ झटकत होता, म्हाताऱ्याने वर बघून हात जोडले. आप्पा म्हणाले, "म्होरल्या बाभळी घ्या," आणि मागे न बघता चालू लागले. लिंबावर मादी परत घरट्यात जाऊन बसली, पंख जरासे पसरून, पिल्लांवर सावली धरायला.

दुपारी तू धान्य पाखडत होतीस तेव्हा मी विचारलं, खोटं का बोललीस, आप्पांना खाली बघायला का लावलंस. तू सूप दोनदा झटकलंस. मग म्हणालीस, "बाळंतिणीचं घर हाय ते. माजी लेक हितं बसलीय, आनि मी तितं कुऱ्हाड चालवू देऊ?" पुन्हा सूप. आणि मग, माझ्याकडे न बघता, "आक्काच्या वक्ताला मला कुनी इचारलं न्हवतं. आज इचारलं." आक्काचं नाव ती गेल्यानंतर तुझ्या तोंडून मी त्या दिवशीच ऐकलं. मी रडले, तू नाही रडलीस. सुपातले खडे तेवढे वेचत राहिलीस.

आप्पा तुझ्याशी बोलेनासे झाले. ताट पुढे ओढायचे, जेवायचे, उठायचे. पाणी हवं असलं तर माझ्याकडे मागायचे. तूही काही मनधरणी केली नाहीस. असे बरेच दिवस गेल्यावर एका संध्याकाळी ते बनातून आले ते मूठ मिटून. तू चुलीपुढे होतीस. त्यांनी तुझ्यापुढे मूठ उघडली. कोंबडीच्या पिल्लाचा एक इवला पाय आणि पिवळी लव, करंजाच्या त्या वाळक्या फांदीखाली सापडलेली. "तुजं मुंगूस," आप्पा म्हणाले, "झाडावर बसून जेवतं का गं?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "बसत आसंल की," तू म्हणालीस. आप्पांनी मिशी सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला, पण त्यांना ते साधलं नाही. पुढच्या वर्षी धनगर आले तेव्हा आप्पांनीच त्यांना बजावलं की तो लिंब सोडायचा, पावशाचा आहे. पुढे आसपासच्या वस्त्यांवरची माणसंसुद्धा वाट सांगताना म्हणायची, पावशाच्या लिंबापासून डावीकडं वळा.

ज्येष्ठात मला मुलगी झाली, सुखरूप. तुझा हात सुइणीच्या हाताच्या आधी माझ्या कपाळावर होता. लिंबावरची पोरं तोवर फांद्यांवर उतरली होती. आईबापांसारख्या आडव्या रेघा नाहीत, छातीवर तपकिरी उभे ठिपके, नुसती धडपडणारी आणि दिवसभर खायला मागणारी. ती ओरडली की माझी रडायची, माझी थांबली की ती सुरू व्हायची, आणि तू मध्ये उभी राहून म्हणायचीस, "कुनाकुनाला घालू मी." रस्सा मला जरा कमीच मिळाला. "तुज्या वाटनीची दोन त्यांनी खाल्ली, आता शेपू खा," हे तू मला रोज ऐकवलंस. शिकऱ्याला तुझे उपकार कुठले ठाऊक. आषाढ लागता लागता त्याने अजून एक पिल्लू नेलं. तू डालगं उचललंस आणि म्हणालीस, चुकलं माजं. त्या पाखराचं मला कौतुक आहे, पण तुझं किती वाटतं ते मी तुझ्यापुढे कधी बोलले नाही. आपल्याकडे आईला असं सांगत नाहीत. आता सांगते. तुझ्याएवढं धाडस मी नंतर कुणात पाहिलं नाही.

बन आता नाही. तिथं ऊस उभा आहे म्हणतात. लिंब आहे का, हे विचारायचं मी टाळते. मी पुढे व्हर्नाक्युलर फायनल झाले, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि हयातभर पोरींना पाखरं शिकवली. शिकऱ्याची चोच आकडीसारखी, पावशाची जवळपास सरळ. पावशा उन्हाळ्यापावसाळ्यात बोलतो, थंडीत त्याचा आवाज नसतो. जिने हे उलटं लिहिलं तिचे मार्क मी कापले. "हाय" म्हणणारीला "आहे" म्हणायला लावलं, तेही तुझ्यासारख्याच आयांच्या लेकींना.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडी घालून तुझ्या इरकली लुगड्यात ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. शिकरा लिंबावर नुसता बसून गेला नाही. समोरच्या घरी माग चालतो, त्या शेजाऱ्याने गच्चीवर कबुतरं पाळली आहेत. त्यातलं एक पिल्लू त्याने उचललं आणि आमच्या लिंबावरच पिसं उपसत बसला. पिसं गल्लीभर उडाली. गल्लीतली पोरंटोरं, बापये, सगळे गोळा झाले, कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात गलोल. शेजारी माझ्या खिडकीकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही मास्तरीण. शिकराच आहे ना हा?" माघाचा महिना, आई. वाकडी चोच मला खिडकीतून स्वच्छ दिसत होती. मी पदर नीट केला.

"पावशा हाय," मी म्हणाले. "पिल्लू मुंगसानं न्हेलं."

हातातले दगड खाली आले. पावशाला कोण मारणार. शेजारी मात्र तिथंच उभा राहिला, कधी लिंबाकडे, कधी माझ्याकडे बघत. "बाई," तो म्हणाला, "एवढ्या उंच गच्चीवर मुंगूस चढलं?"

"चढत आसंल की," मी म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.